मदत हवी: 'अब तक छप्पन'मधले कोणते प्रसंग दाखवू?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा-वीस जण महिन्यातून दोनदा प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो. सुचवणाऱ्याने आधी १० मिनिटं बोलायचं, एखाद-दोन प्रसंग दाखवायचे, मग हात वर करून ठरतं. गेल्या खेपेला मी शिमित अमीनचा 'अब तक छप्पन' (२००४) सुचवला. "एन्काउंटरचा ना? नुसती ठो ठो," एवढ्यावर विषय मिटला. मला फार लागलं ते.

कारण मला त्यातल्या गोळ्यांपेक्षा फोन आठवतात. परदेशात बसलेला गुंड जमीर एन्काउंटर करणाऱ्या पोलीस अधिकारी साधू आगाशेला (नाना पाटेकर) फोन करतो आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली ही दोन माणसं जुनी ओळख असल्यासारखी बोलत बसतात. धमकी असते, चेष्टा असते, समोरचा आपल्या तोडीचा आहे याची कबुलीही असते. जमीर झालेत प्रसाद पुरंदरे. आणि नाना! 'क्रांतिवीर'मधली भाषणं डोक्यात ठेवून बसलेल्याला इथला नाना वेगळाच वाटेल. बराच वेळ तो आवाज चढवतच नाही. घरी बायको नूतनसमोर (रेवती) तर माणूसच दुसरा.

यशपाल शर्माचा इम्तियाज बघा. साधूच्या एन्काउंटरच्या आकड्याचा हेवा त्याला आतून पोखरतो. बढती हुकलेला सहकारी आपण प्रत्येकाने ऑफिसात पाहिलेला असतो, तसाच तो, फक्त याच्या कमरेला पिस्तूल आहे. कमिशनर प्रधान म्हणजे आपले डॉ. मोहन आगाशे. 'घाशीराम'मधले त्यांचे नाना फडणवीस पाहिलेले दोघे-तिघे आमच्या गटात आहेत, ते निदान एवढ्यासाठी तरी ऐकून घेतील असं वाटतं.

आता अडचण. एका काकूंनी विचारलं, "कोर्टाशिवाय माणूस मारणाऱ्या पोलिसाचं कौतुक कशाला बघायचं?" प्रश्न रास्त आहे. सिनेमा साधूकडे झुकतो, हे मलाही मान्य आहे. पण नवखा जतिन पहिल्यांदा गोळी झाडतो तेव्हा नकुल वैदच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्याला मी कौतुक म्हणणार नाही. मारणं हे या लोकांचं रोजचं काम कसं होऊन बसतं, ते तिथे कळतं. मग फोनचा प्रसंग दाखवू की जतिनचा? दोन्ही दाखवले तर बोलायला वेळच उरत नाही. नूतनचं पुढे काय होतं ते आधी उघड करायचं नाहीये, म्हणून उत्तरार्धातलं काही चालणार नाही.

ज्यांनी सिनेमा नीट पाहिलाय त्यांनी सांगा, काकूंना तुम्ही काय उत्तर दिलं असतं? सबटायटल असलेली स्वच्छ प्रत कुठे मिळेल तेही कळवा, दोघा आजोबांना ऐकायला कमी येतं. शनिवारी पुन्हा माझी पाळी आहे, शुक्रवार रात्रीपर्यंत उत्तरं आली तर फार उपकार होतील.