व्हर्जिनियात हँडगन झाकून बाळगण्याचा परवाना: ४५ दिवस उलटले म्हणजे परवाना मिळाला असं नव्हे

लाउडनकर
काल इथे एकानं लिहिलं: "अर्ज टपालात टाकून ४५ दिवस झाले की परवाना मिळाल्यातच जमा. अर्जाची झेरॉक्स पाकिटात ठेवा आणि खुशाल जॅकेटखाली लावून फिरा." यावर विश्वास ठेवणाऱ्याला १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा परवाना सर्किट कोर्ट देतं आणि ठरवायला त्याला ४५ दिवस असतात. ते दिवस टपालापासून मोजत नाहीत. पूर्ण अर्ज मिळाल्याची जी तारीख सर्किट कोर्टाचा क्लार्क अर्जावर टाकतो, तिथून मोजतात. एसपी-२४८ फॉर्मवर (म्हणजे या परवान्याच्या अर्जावर) घरीच सही करून मग नोटरीकडे गेलात, किंवा प्रशिक्षणाचा दाखला जोडायला विसरलात, तर अर्ज परत येतो आणि मुदत सुरूच होत नाही. २०२१ पासून ऑनलाइन कोर्सही चालत नाही, समोर बसूनच करावा लागतो.

कोर्टानं ४५ दिवसांत काहीच ठरवलं नाही, तर क्लार्क अर्जावर मुदत संपल्याचा शेरा मारून प्रमाणित प्रत ५ कामकाजाच्या दिवसांत पाठवतो. तो शेरा असलेली प्रत हाच तात्पुरता परवाना. तो ९० दिवस चालतो, तेही सरकारी फोटो ओळखपत्र सोबत असेल तरच. साध्या झेरॉक्सला शून्य किंमत.

दुसरी_दुरुस्ती
तपशील बरोबर असेल, पण तुमचा राग भलत्यावर आहे. व्हर्जिनियात तीच बंदूक त्याच कमरेला उघड लावली तर परवाना लागत नाही. थंडी वाजली म्हणून वर जॅकेट चढवलं की गुन्हा! १९९५ पासून कायदाच सांगतो की अर्जदार अपात्र नसेल तर परवाना द्यायचाच. दुकानात बंदूक घेताना पोलिसांची तपासणी बहुतेक वेळा काही मिनिटांत उरकते. मग इथे दीड महिना कशासाठी? निम्म्याहून अधिक राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली आहे.

रिचमंडची
दुकानातली तपासणी आणि ही एकच आहे असं समजू नका. दारू पिऊन गाडी चालवल्याची एक साधी शिक्षा असलेल्याला दुकानात बंदूक मिळते, पण ती शिक्षा गेल्या ३ वर्षांतली असेल तर हा परवाना मिळत नाही. कोर्टाला शेरीफ किंवा पोलिसांकडून माहिती घ्यावी लागते, राज्याच्या गुन्हे नोंदींचा अहवाल मागवावा लागतो. ४५ दिवस ही कमाल मर्यादा आहे. फी ५० डॉलरच्या वर जात नाही, बोटांचे ठसे नाहीत. न्यू जर्सीत २०० डॉलर भरा आणि वर नात्यात नसलेले ४ जण साक्षीला शोधा. आणि हो, ताशी ८५ मैलांच्या वर गाडी हाकून रेकलेस ड्रायव्हिंगचा (बेदरकार गाडी चालवल्याचा) गुन्हा लागला असेल तर तोही इथे नडतो.

लाउडनकर
शेवटचं वाक्य चूक आहे, ताई. ५ वर्षांत दोन मिसडिमीनर (किरकोळ गुन्हे), त्यातला एक क्लास १ (त्यांतला सर्वात गंभीर वर्ग), असा अपात्रतेचा नियम आहे खरा. पण वाहन कायद्यातले, म्हणजे शीर्षक ४६.२ मधले गुन्हे त्यात धरतच नाहीत. रेकलेस ड्रायव्हिंग तिथलंच. असं लिहून लोकांना विनाकारण घाबरवू नका.

रिचमंडची
ठीक, त्या नियमातून ते वगळलंय, मान्य. पण फॉर्मवर शपथेखाली विचारलेलं लपवू नका, एवढं तरी माझं घ्याल?

ॲशबर्नचा
या सगळ्यात एच-१बी (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसा) वाल्यांना कुणी मोजतच नाही. कर आम्हीही भरतो. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर होऊन वर्षानुवर्षं रांगेत उभे आहोत. शिकारीचं लायसन्स काढलं की बंदूक ठेवता येते, हे कायद्यातच आहे. मग त्यावर हा परवानाही मिळायलाच हवा, अर्ज करून टाका.

लाउडनकर
कृपा करून असले सल्ले देऊ नका. आय-१४० मंजूर म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. बिगरस्थलांतरित व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) आलेल्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षं. वैध शिकार लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, पण लायसन्सची मुदत संपली की सूटही संपली. आणि ही सूट फक्त बाळगण्यापुरती. झाकून बाळगण्याच्या परवान्यासाठी व्हर्जिनियाची अट वेगळी आहे: नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड हवंच.

ॲशबर्नचा
तुमच्याकडे कार्ड आलं म्हणून आता आम्हाला कायदा शिकवताय. शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक तासभर चालवली तर कोण विचारतंय?

रिचमंडची
विचारतात. २०१९ चा रेहाइफ खटला वाचा. फ्लोरिडातला विद्यार्थी, विद्यापीठातून काढल्यामुळे व्हिसा गेलेला, आणि खटला रेंजवर केलेल्या गोळीबारावरून उभा राहिला.

दुसरी_दुरुस्ती
अर्धंच सांगताय. त्याला दोषी ठरवणारा निकाल सुप्रीम कोर्टानं फिरवला.

रिचमंडची
फिरवला, कारण आपला दर्जा गेल्याचं त्याला ठाऊक होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं होतं. रेंजवर बंदूक हातात घेणं चालतं असं कोर्ट कुठेही म्हणालेलं नाही. आणि ॲशबर्नकर, आपला व्हिसा कोणता हे मला ठाऊक नव्हतं, असं तुम्ही कोर्टात कुठल्या तोंडानं सांगणार?

ॲशबर्नचा
बरं, लायसन्स नसताना रेंजवर जाऊ नये. परवान्याचं तुमचं खरं असेल. पण दहा-दहा वर्षं रांगेत ठेवायचं आणि घरच्यांच्या रक्षणाचं विचारलं की शिकारीचं लायसन्स दाखवायला सांगायचं, हा अन्याय आहे आणि मी तो अन्यायच म्हणणार.

दुसरी_दुरुस्ती
त्यावर माझं तुमच्याशी एकमत. लाउडनकर, झेरॉक्सचा मुद्दा सोडला तर मी अजूनही ४५ दिवसांच्या विरोधात आहे. नूतनीकरणाला तरी पुन्हा तोच फेरा कशाला?

लाउडनकर
तोच फेरा नाही. प्रशिक्षणाचा दाखला पुन्हा मागता येत नाही, अर्ज टपालानं चालतो. परवाना ५ वर्षांचा असतो. तो संपायच्या आधी ९० ते १८० दिवसांच्या दरम्यान अर्ज पोचवा, म्हणजे जुना संपतो त्या दिवशी नवा लागू होतो आणि मधे खंड पडत नाही. शेवटच्या महिन्यात जागे होणारेच अडकतात. आणि परवाना जुना असो वा नवा, पोटोमॅक नदी ओलांडण्याआधी बंदूक घरी ठेवा. मेरीलँड आणि डी.सी. दोघंही व्हर्जिनियाचा परवाना मानत नाहीत.