प्री-मेडसाठी कॉलेज निवडताना नेमकं काय बघायचं? (न्यू जर्सी)

मधुमालती_एडिसन

नमस्कार मंडळी. लेक बारावीत आहे आणि १ मेच्या आत कुठल्या तरी एका कॉलेजला हो कळवायचंय. डॉक्टर व्हायचं हे तिचं सातवीपासून पक्कं. टीसीएनजे (कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि एनजेएमएस (न्यू जर्सी मेडिकल स्कूल) यांच्या सात वर्षांच्या जोडकोर्सला अर्ज केला होता, ते झालं नाही. आता हातात दोन पर्याय आहेत. एक रटगर्स, म्हणजे न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, त्यातलं निवडक मुलांसाठीचं ऑनर्स कॉलेज, बऱ्यापैकी स्कॉलरशिपसकट. दुसरं बॉस्टनजवळचं एक खाजगी कॉलेज. नाव मोठं, खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात.

आम्ही दोघंही पुण्याचे इंजिनीअर. आमच्या डोक्यात मेडिकल म्हणजे बारावी, सीईटी आणि बी.जे. प्री-मेड म्हणजे आधी चार वर्षं भलतंच काही शिकायचं आणि मग मेडिकलच्या रांगेत उभं राहायचं, हे अजून पचनी पडलेलं नाही. खाजगीवाल्यांच्या इन्फो सेशनमध्ये सांगितलं की मेडिकलला प्रवेश मिळण्याचं त्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. हे ऐकल्यापासून नवरा तिकडे झुकलाय. मुलीला सांभाळून घेणारं कॉलेज ओळखायचं कसं?

सदाशिव_डॅलस

नाव मोठं असेल तिथे रिसर्च मिळतो, प्राध्यापकांच्या ओळखी मिळतात. परवडत असेल तर बॉस्टन. एक मात्र लक्षात ठेवा, मेडिकलच्या सरकारी जागा राज्यातल्या मुलांना आधी मिळतात. आमच्या टेक्सासात तर नव्वद टक्के जागा कायद्यानेच राखलेल्या आहेत. लेक बॉस्टनला शिकली तरी घर एडिसनला, म्हणजे ती न्यू जर्सीचीच धरली जाईल. ती काळजी नको.

रसायनी

मी मूळची सांगलीची. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब घेते, त्यामुळे प्री-मेडची पोरं रोज बघते. जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

आधी त्या 'दुप्पट'चं बघू. देशभरातून वर्षाला पन्नास हजारांवर मुलं एमडीसाठी (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) अर्ज करतात आणि तेवीस हजारांच्या आसपास प्रवेश घेतात. म्हणजे सरासरी चाळीस-पंचेचाळीस टक्के, आणि दुप्पट म्हणजे नव्वदीकडे. पण हे टक्के कुणातले? अर्ज केलेल्यांतले. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या वर्गात 'डॉक्टर व्हायचंय' म्हणून हात वर करणारी कितीतरी पोरं अर्जापर्यंत पोचतच नाहीत. शिवाय बऱ्याच कॉलेजांत कमिटी लेटर असतं, म्हणजे सल्लागारांची समिती विद्यार्थ्याबद्दल एकत्रित शिफारसपत्र लिहिते. काही ठिकाणी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ठरावीक रेषेच्या खाली असला तर हे पत्रच मिळत नाही, किंवा 'यंदा थांब' असं गोड शब्दांत सांगतात. दहावीचा शंभर टक्के निकाल लावायला कच्च्या मुलांना नववीनंतर सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळा आठवतात ना? तसलंच हे. तुमचं कॉलेज असं करत असेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणवणारी किती होती, त्यातल्या किती जणांनी अर्ज केला, पत्र कुणाला नाकारता का. सल्लागार उत्तर देताना अडखळला तरी बरंच कळतं.

दुसरं, आणि माझ्या लेखी मुख्य: पहिल्याच परीक्षेत आपटलेल्या मुलाचं तिथे पुढे काय होतं? दर ऑक्टोबरात माझ्या लॅबमध्ये रडवेले चेहरे असतात. शाळेत कायम ए मिळवलेली पोरं, आयुष्यात पहिल्यांदा कागदावर सी बघतात. आणि हा सी मागे लागतो. मेडिकलचा सामायिक अर्ज, एएमसीएएस, सगळ्या ग्रेड स्वतः मोजतो. बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीए वेगळा काढतो. विषय पुन्हा घेतला तरी पहिली ग्रेड पुसली जात नाही. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ४ पैकी ३.७च्या वर आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, एमकॅटमध्ये, ५२८ पैकी ५११-१२, तेव्हा निसटायला जागा कमीच.

चांगल्या कॉलेजात विषय सोडायची तारीख उलटण्याआधी कुणीतरी मुलाला बोलावून सांगतं, 'आत्ता सोड, डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) लागू दे, तयारी करून पुढच्या सेमिस्टरला घे.' वरच्या वर्गातली मुलं फुकट शिकवतात. ग्रेडचा कर्व्ह असा नसतो की शेजारणीचे मार्क वाढले की माझे कमी. हा कर्व्ह फार वाईट, नोट्स लपवायला शिकवतो. एमआयटीमध्ये पहिल्या सत्रात पास झालात तर नुसता पास आणि नापास झालात तर बाहेर जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर नोंदच नाही. स्वार्थमोरलाही पहिलं सत्र पास-नापासवर. पोरांना बूड टेकायला तेवढा वेळ मिळतो. नावाच्या मोहाबद्दल म्हणाल तर न्यू ऑर्लीन्सचं झेवियर बघा. लहानसं कॉलेज, पण कृष्णवर्णीय मुलांना मेडिकलला पाठवण्यात वर्षानुवर्षं देशात आघाडीवर. तिथली मुलं एकमेकांना शिकवत पुढे जातात.

पैशाचंही आत्ताच बोलून घ्या. २०२५च्या कायद्याने ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज, जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. वरचं सगळं बँकेकडून. बॉस्टनची चार वर्षं तुमच्या खिशातून गेली तर मेडिकलच्या वेळी काय उरेल? शिवाय आता बहुतेक मुलं पदवीनंतर एखादं वर्ष काम करून मग मेडिकलला जातात, त्या वर्षाचाही खर्च धरा.

सदाशिवराव, रिसर्चचं म्हणाल तर रटगर्सला दोन मेडिकल स्कूल आहेत आणि रॉबर्ट वुड जॉन्सन हॉस्पिटल रटगर्सच्या गावातच, न्यू ब्रन्सविकमध्ये आहे. शॅडोइंगला, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघायला, जायला गाडी लागत नाही, ही गोष्ट पोरांच्या दृष्टीने लहान नाही.

कोकमसरबत

कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. लेक सिटिझन आहे का? आमचा मुलगा एच-४वर (एच-१वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) इथे वाढला आणि ग्रीन कार्डच्या रांगेत एकवीस वर्षांचा झाला. एच-४ संपला, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं. बरीच मेडिकल स्कूल, सरकारी तर विशेष करून, सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. सरकारी कर्ज नाही. काही खाजगी ठिकाणी तर फी आगाऊ एस्क्रोत (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) ठेवायला सांगतात. आमच्या कॉलेजच्या प्री-मेड सल्लागाराला हे ठाऊकच नव्हतं, तिसऱ्या वर्षी त्याला आम्हीच सांगितलं. अशी घरं इथे बरीच असतील, त्यांनी सल्लागाराला पहिल्याच भेटीत हा प्रश्न घालावा.

मधुमालती_एडिसन

कोकमसरबत, तिचा जन्म इथलाच, त्यामुळे त्यातून सुटलो. तुमच्या मुलासाठी मात्र जीव तुटला.

रसायनीताई, सतरा नंबरचा फॉर्म वाचून नवरा गप्प झाला, त्याचा चुलतभाऊ त्यातलाच. पुढच्या आठवड्यात बॉस्टनला चक्कर आहे. मी तुमचे प्रश्न वहीत उतरवून घेतले तर लेक म्हणते, 'आई, तू तिथे काही विचारायचं नाहीस.'

रसायनी

तिलाच विचारू द्या, तुम्ही बाहेर कॉफी घ्या. ऑरगॅनिकच्या लेक्चरला मागे बसू देतात का, ते आधी ईमेल करून बघा. तास संपल्यावर किती पोरं प्राध्यापकाभोवती थांबतात आणि ते बाई किंवा बुवा घड्याळ बघतात का, तेवढं तिला टिपून आणायला सांगा. आणि शुक्रवारी दुपारनंतर जाऊ नका, तेव्हा बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नसतं.