शब्दचर्चा: ‘कालविपर्यास’ म्हणावं की ‘कालविसंगती’?

एका नव्याकोऱ्या ऐतिहासिक चित्रपटाबद्दल चार ओळी लिहायला घेतल्या आणि एका शब्दावर अडलो. प्रसंग असा: प्राचीन काळातलं युद्ध. पंचविशीतला एक योद्धा उघड्या अंगाने भाला उगारतो, कॅमेरा त्याच्या डाव्या दंडापाशी जातो आणि तिथे लस टोचल्याचा गोल वण. देवी काढल्याचा. मी चित्र थांबवून, मागे नेऊन दोनदा पाहिलं. एडवर्ड जेन्नरने देवीची पहिली लस टोचली १७९६ साली. हा योद्धा त्याच्या दीड हजार वर्षं तरी आधीचा.

मी लिहिलं, ‘चित्रपटात असे कालविपर्यास बरेच आहेत.’ बहिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “विपर्यास कोणी केला? त्या पोराला लहानपणी लस टोचली, बस्स.” मी गप्प. कारण ‘विपर्यास’ म्हटलं की आपल्या कानात पहिलं वाक्य वाजतं ते ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला’. म्हणजे कोणीतरी, बहुधा जाणूनबुजून, सरळ गोष्ट वाकडी केली. वणाच्या बाबतीत फार तर नजरचूक झाली.

मग ‘कालविसंगती’ लिहून पाहिलं. अर्थ बरोबर बसतो, पण शब्द फिका वाटतो. शिवाय सगळ्याच चुकांना विसंगती म्हटलं तर ज्यांनी खरोखर इतिहास वाकवला तेही त्याच पांघरुणाखाली सुटतात. तुम्ही काय लिहिता?

प्रतिसाद १

‘विपर्यास’ला उगाच गुन्हेगार ठरवू नका. वि + परि + अस्. यातल्या ‘अस्’चा अर्थ फेकणं, टाकणं. म्हणजे उलटंपालटं होणं, जागा बदलणं. मुळात त्यात हेतू नाही, दोषारोप नाही. तो रंग मराठीत नंतर चढला. कालविपर्यास म्हणजे काळाची उलटापालट, एका काळातली वस्तू दुसऱ्या काळात जाऊन पडणं. नाट्यसमीक्षेत हा शब्द रुळलेला आहे आणि त्याचं नेहमीचं उदाहरण शेक्सपिअरचं: ‘ज्युलियस सीझर’ नाटकात कटवाले बोलत असताना घड्याळाचे तीन ठोके पडतात. रोममध्ये छायायंत्रं होती, पाण्याची घड्याळं होती; ठोके देणारं घड्याळ नव्हतं. त्याला कोणी ‘शेक्सपिअरने विपर्यास केला’ असं म्हणत नाही, ‘इथे कालविपर्यास आहे’ असं म्हणतात. क्रियापद पाहा. ‘आहे’ आणि ‘केला’ यांत सगळा फरक आहे.

प्रतिसाद २

क्रियापदाचा मुद्दा पटला, पण व्युत्पत्ती दाखवून वापर बदलत नाही. आजच्या वाचकाला विपर्यास म्हणजे खोडसाळपणा वाटतो, समासात घातला तरी धार पुरती जात नाही. मग ती धार वापरावी की! जिथे दिग्दर्शकाने समजून-उमजून काळ मोडला तिथे कालविपर्यास, जिथे निसटलं तिथे कालविसंगती.

उदाहरण देतो. मारी आंत्वानेतवर सोफिया कपोलाचा २००६ सालचा चित्रपट. अठराव्या शतकातल्या राणीच्या रेशमी जोड्यांच्या ढिगात एक क्षण फिकट रंगाचे कॅनव्हासचे बूट दिसतात, आजची कॉलेजची पोरं घालतात ते. ते तिथे कोणी विसरलेलं नाही, मुद्दाम ठेवलेत. राणी होण्याआधी ही एक अल्लड मुलगी होती, हे सांगायला. हा अस्सल कालविपर्यास, आणि शब्दात निंदा नाही, झालीच तर दादच आहे.

आता रोमन काळावरचे चित्रपट घ्या. घोडेस्वाराचे पाय रिकिबीत असतात. रोमनांकडे रिकीब नव्हती. ती युरोपात पोचली साधारण ६व्या-७व्या शतकात. रोमन स्वार चार शिंगांच्या खोगिरात मांड्या अडकवून बसायचा. हे चित्रपटवाल्यांना ठाऊक नसतं असं नाही, पण रिकिबीशिवाय दौडणारे शंभर स्वार आणायचे कुठून, आणि एखादा पडला तर? म्हणून रिकीब ठेवतात आणि कधी कधी झुलीखाली लपवतात. ही ना चूक ना विपर्यास. याला मी ‘तडजोड’ म्हणेन.

प्रतिसाद ३

काही वर्षं वेशभूषेच्या कामात होते. सेटवर यातला एकही शब्द ऐकला नाही. तिथे दोनच वाक्यं: ‘हे पीरियड नाही’ (म्हणजे त्या काळातलं नाही) आणि ‘घोळ झालाय’. पहिलं शॉटच्या आधी म्हणतात, दुसरं नंतर.

वणांबद्दल सांगायचं तर ते रंगपटात झाकतात. पण उन्हात, घामात, सहाव्या टेकपर्यंत रंग उतरतो. आणि कानाला टोचलेली तीन-तीन भोकं, दातांना लावलेल्या तारांमुळे सरळ झालेल्या दंतपंक्ती, जिममध्ये घडवलेले दंड, यांचं काय करणार? कपडे जुने शिवता येतात. अंग आजचंच असतं.

प्रतिसाद ४

चर्चा वस्तूंवरच अडकली आहे. घड्याळ, बूट, रिकीब. प्रेक्षकाला यातच मजा येते हे खरं, कारण चूक पकडल्याचा आनंद स्वस्तात मिळतो. पण मूळ लेखकाने ‘ज्यांनी खरोखर इतिहास वाकवला’ म्हटलंय ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याला मराठीत आधीच स्वच्छ शब्द आहे: इतिहासाचा विपर्यास. समास सोडून षष्ठी वापरली की अर्थ पालटतो. कालविपर्यासात वस्तू चुकीच्या काळात असते. इतिहासाच्या विपर्यासात सगळ्या वस्तू आपापल्या काळात, आपापल्या जागी असू शकतात आणि तरी गोष्ट खोटी असते.

याहून बोलकं उदाहरण मला ठाऊक नाही: १९९७चा ‘टायटॅनिक’. बोटीच्या तपशिलावर केलेली मेहनत डोळे दिपवते. तरी त्यात एक कालविसंगती राहिली. बोट बुडाल्यानंतर नायिका वर पाहते तेव्हाचं आकाश १५ एप्रिल १९१२च्या त्या पहाटेचं नव्हतं. खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी त्यावर बोट ठेवलं आणि २०१२ साली चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा दिग्दर्शकाने तारे बदलले.

त्याच चित्रपटात फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डॉक गोंधळात प्रवाशांवर गोळी झाडतो आणि मग स्वतःवर. मर्डॉक हा खराखुरा माणूस, स्कॉटलंडमधल्या डलबीटी गावचा. गोळी त्याने झाडली याला ठोस पुरावा नाही. नातलग आणि गावकरी दुखावले. १९९८ साली निर्मितीसंस्थेचा वरिष्ठ अधिकारी त्या गावी गेला, दिलगिरी व्यक्त केली आणि मर्डॉकच्या नावाच्या शालेय बक्षिसासाठी ५,००० पौंड दिले. पडद्यावरचा प्रसंग मात्र तसाच राहिला. म्हणजे तारे दुरुस्त झाले, माणूस नाही झाला.

ताऱ्यांची ती कालविसंगती. मर्डॉकचा तो विपर्यास. हे दोन्ही एकाच शब्दात बसवायचे म्हणाल तर माझी हरकत आहे.

प्रतिसाद ५

वरच्या प्रतिसादाला जोडून. मधली एक पायरी आहे, ‘अनैतिहासिक’. ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये (१९९५) स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेस आणि राजकन्या इसाबेला यांचं प्रेम दाखवलंय. दोघंही इतिहासातली. पण वॉलेसला १३०५ साली देहदंड झाला तेव्हा इसाबेला जेमतेम दहा वर्षांची होती आणि फ्रान्समध्ये होती. इंग्लंडला ती आली १३०८ साली, लग्न होऊन. हा प्रसंग घडलाच नाही, घडणं शक्यही नव्हतं. याला काळाची चूक म्हणायचं की पदरचं घातलेलं?

मी ‘पदरचं घालणं’ म्हणतो. फार सुंदर वाक्प्रचार आहे. त्यात घालणाऱ्याचं औदार्यही आहे आणि त्याला मारलेला टोमणाही. ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ला ‘कलास्वातंत्र्य’ हा भरजरी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा ‘इथे पदरचं घातलंय’ म्हणावं, वाचकाला लगेच कळतं.

बाकी याच चित्रपटात स्टर्लिंग ब्रिजची १२९७ची लढाई आहे आणि पडद्यावर पूलच नाही. अरुंद पुलावरून इंग्रजांचं सैन्य तुकड्या-तुकड्यांनी उतरत होतं म्हणून स्कॉट जिंकले. पूल काढला की विजयाचं कारणच गेलं. याला विसंगती म्हणा, विपर्यास म्हणा, मला तर ती परीक्षेतली ‘गाळलेली जागा’ वाटते.

प्रतिसाद ६

मला उलट प्रकाराला शब्द हवाय. खरं दाखवलं तर प्रेक्षकाला खोटं वाटतं, त्याला. व्हायकिंग म्हटलं की शिंगांचं शिरस्त्राण. व्हायकिंग काळातलं असं एकही शिरस्त्राण सापडलेलं नाही. ही शिंगं लोकांच्या डोक्यात बसवली ती प्रामुख्याने १८७६ साली, वाग्नरच्या संगीतनाट्यांसाठी कार्ल एमिल डोप्लरने केलेल्या वेशभूषेने. आता एखाद्याने शिंगांविना व्हायकिंग दाखवला तर शेजारच्या खुर्चीतून आवाज येतो, “हे काही अस्सल वाटत नाही.”

‘अस्सल’ हा शब्द इतिहाससंशोधकांनी किती काटेकोरपणे वापरला! अस्सल पत्र म्हणजे मूळ पत्र, नक्कल नव्हे. चित्रपटांच्या परीक्षणात ‘अस्सल’चा अर्थ होतो ‘मी याआधी चित्रपटांत पाहिलंय तसं’. म्हणजे नकलेशी जुळतं ते अस्सल. विपर्यास म्हणायचा तर हा घ्या, शब्दाचाच.

प्रतिसाद ७

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही. रोमन सेनापती पडद्यावर इंग्रजी बोलतो याला आपण चूक म्हणत नाही. तो नाट्यसंकेत आहे, सगळ्यांनी मिळून मान्य केलेला. पण तोच सेनापती तिरंदाजांना ‘फायर!’ म्हणून ओरडला की खटकतं, कारण तो हुकूम बंदुकीबरोबर आला. बाणाला कसली आग? मराठीत आपण सुटतो, ‘सोडा’ म्हणतो.

आपल्याकडे वेगळीच फजिती आहे. जुन्या काळातलं पात्र ‘एक मिनिट थांबा’ म्हणालं तर थिएटर हसेल. म्हणून संवादलेखक लिहितो, ‘घटकाभर थांबा’. घटका म्हणजे २४ मिनिटं! तेवढा वेळ शत्रू कशाला थांबेल? ‘पळभर’ म्हणा, ती २४ सेकंदं. शब्द जुना मिळाला म्हणजे तो बरोबर बसला असं नाही.

आणि सतराव्या शतकातल्या मराठी पत्रांत फारसी शब्दांची दाटी असते. ती कमी करायला तर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पडद्यावरची पात्रं मात्र शुद्ध संस्कृतप्रचुर बोलतात, जणू कोश त्यांनी आधीच पाठ केलाय. ही कालविसंगती कानाला गोड लागते, म्हणून पकडली जात नाही.

प्रतिसाद ८

सगळ्यांनी ‘बखर’ का विसरावी? घटना खरी, माणसं खरी, संवाद रचलेले, शत्रूची फौज सोयीनुसार फुगवलेली. हा साहित्यप्रकार आपल्याकडे शतकानुशतकं आहे. राजवाड्यांनी बखरींच्या विश्वासार्हतेवर कोरडे ओढले, तरी कोणी बखर वाचायची सोडली नाही, कारण वाचताना ती बखर आहे हे ठाऊक असतं. चित्रपटाच्या सुरुवातीला ‘सत्य घटनांवर आधारित’ अशी पाटी लावतात तिथे खरा गोंधळ होतो. ‘आधारित’ म्हणजे आधार असलेलं, आधार काढला तर कोसळेल असं. बऱ्याच चित्रपटांचा आधार काढून घेतला तरी ते जागचे हलणार नाहीत. तिथे ‘प्रेरित’ पुरे.

मूळ लेखक

भरपूर मिळालं, आभार. माझ्यापुरतं ठरवलं ते असं. निसटलं तर कालविसंगती. मुद्दाम, कलेसाठी मोडलं तर कालविपर्यास. घोड्यावरून माणूस पडू नये म्हणून केलं तर तडजोड. घडलंच नाही ते घडवलं तर पदरचं. खऱ्या माणसाच्या माथी न केलेलं मारलं तर इतिहासाचा विपर्यास, आणि तिथे क्रियापद ‘केला’च. प्रतिसाद १ची ‘आहे’ आणि ‘केला’ची कसोटी मला सगळ्यांत उपयोगी वाटली. ‘अंग आजचंच असतं’ हे वाक्य मात्र कुठल्याच खणात बसत नाही.

परीक्षणातलं वाक्य आता असं केलंय: ‘योद्ध्याच्या दंडावर देवीचा वण दिसतो, ही कालविसंगती आहे.’

प्रतिसाद ९

एक शंका. नट पंचविशीतला म्हणालात ना? देवीचा रोग जगातून हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केलं, आणि सर्वसामान्यांना ती लस टोचणं त्याच सुमारास थांबलं. त्या पोराला देवी काढलेल्याच नसणार. डाव्या दंडावरचा वण बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा. ती माणसाला पहिल्यांदा दिली १९२१ साली.

मूळ लेखक

बरोबर. देवीचा वण माझ्या दंडावर आहे, त्याच्या नव्हे. वाक्यात ‘बीसीजीचा वण’ असं केलंय. जेन्नरचं वाक्य वर तसंच ठेवतो. ती कालविसंगती माझी.