फॅरो बेटांनी समुद्राखालून रस्ते काढले ते योग्यच केलं: तुमचं मत काय?

खडकवाट (धागाकर्ता)

शनिवारी मित्राकडे जेवताना फॅरो बेटांवरून चांगलाच वाद झाला. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंडच्या मधे, भर अटलांटिकमध्ये ही 18 बेटं. सगळी मिळून जमीन 1,400 चौरस किलोमीटर आणि माणसं सुमारे 55 हजार. डेन्मार्कच्या राज्यात असली तरी 1948 पासून घरचा कारभार त्यांचा तेच पाहतात. एवढ्याशा लोकांनी समुद्राच्या तळाखालून चार बोगदे खणलेत. मित्र म्हणाला, "ही चैन आहे. एवढ्या पैशात सगळ्यांना राजधानीत, तोर्सहावनमध्ये घरं बांधून दिली असती." मला ते अजिबात पटलं नाही.

तिथले डोंगर पाहिले की सह्याद्री आठवतो. दोन्हीकडे लाव्हाचे थरावर थर साचून झालेला काळा बेसॉल्ट, त्यामुळे तसेच पायऱ्यापायऱ्यांचे कडे आणि तसेच धबधबे. झाडं मात्र जवळपास नाहीतच. वारा, पाऊस आणि 70 हजारांच्या आसपास मेंढ्या. वागार बेटावर गासादालूर नावाचं गाव आहे. समोर समुद्र, पण कडा इतका सरळ की धड धक्का बांधता येत नाही. पोस्टमन डोंगर चढून टपाल आणायचा. गावात दफनभूमी नव्हती तेव्हा मयतसुद्धा खांद्यावरून डोंगरापलीकडे न्यायचे. त्या वाटेवर शवपेटी टेकवायला एक दगड आहे, त्याला अजून ‘प्रेताचा दगड’ म्हणतात. आपल्याकडे तिरडी टेकवायचा विसावा असतो ना, अगदी तसा. 2004 मध्ये तिथे डोंगरातून बोगदा काढला तेव्हा गावात वीसेक माणसं उरली होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी मढी त्या चढावरून वाहिली, त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं की गाव सोडा, तुमचा रस्ता परवडत नाही?

हिशेबनीस

भावना कळते, पण धाग्यात हिशेबच नाही. फॅरोच्या माल-निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा मासळीचा आणि तिच्यापासून बनणाऱ्या मालाचा. 1980 च्या दशकात त्यांनी हेच केलं होतं: कर्ज काढून ट्रॉलर घेतले, मासळीचे कारखाने टाकले, बंदरं आणि बोगदे बांधले. मग मासळी घटली, 1992 मध्ये त्यांची मोठी बँक गाळात गेली, डेन्मार्कला सावरायला यावं लागलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत जवळजवळ दहातला एक माणूस देश सोडून गेला. ज्या गावांसाठी बोगदे काढले, तिथलीच माणसं गेली. मासळी पुन्हा रुसली तर हे कर्ज फेडणार कोण?

खडकवाट

1992 चा मुद्दा खरा आहे, तो मी टाळणार नाही. पण नंतरचे बोगदे तसे नाहीत. राजधानीला ऐस्तुरोय बेटाशी जोडणारा बोगदा 2020 च्या डिसेंबरात सुरू झाला. लांबी 11 किलोमीटर, सगळ्यात खोल जागी समुद्रसपाटीखाली 187 मीटर आणि वाटेत समुद्राखाली चक्क गोल चौक, गाड्यांनी वळसा घालून जायचा. तोर्सहावन ते ऐस्तुरोयवरचं रुनाविक गाव हा तासाभराचा रस्ता पाव तासावर आला. त्यासाठी गाड्यांकडून टोल घेतात, म्हणजे जो वापरतो तो भरतो. रोज हजारोंनी जाणाऱ्या रस्त्याला चैन कसं म्हणायचं?

वलांडी

मी कोळ्याची मुलगी, म्हणून हिशेबनीसांच्या एका वाक्यापाशी अडले. "मासळी रुसली तर" असं म्हणता, पण मासळी आपोआप रुसत नाही, माणूस ओरबाडतो तेव्हा जाते. फॅरोवाले ते शिकलेत. 2000 नंतर त्यांच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेल्या सॅमन माशांना रक्तक्षयाचा रोग लागला आणि धंदा झोपला. तेव्हा त्यांनी कडक नियम केले: एका खाडीत एकाच पिढीचे मासे, ते सगळे काढले की पिंजरे रिकामे ठेवायचे, मगच नवी पिल्लं. आज त्याच सॅमनवर देश चाललाय. आमच्याकडे पावसाळ्यातली बंदी पाळा म्हणून सांगताना घशाला कोरड पडते हो.

आणखी एक. त्यांच्याकडे मांस वाळवायची खोपटं असतात, लाकडी फळ्यांत फटी ठेवलेली, वारा आरपार जाईल अशी. मेंढीचं तंगडं त्यात महिनोन् महिने टांगलेलं असतं. मीठ लावत नाहीत, खारा वाराच ते काम करतो. त्याचा फोटो पाहिला आणि मला आत्याची बोंबील वाळत घालायची वलांडी दिसली. तो वारा राजधानीतल्या फ्लॅटमध्ये कसा मिळणार?

ओरेसुंड

मी गेली नऊ वर्षं कोपनहेगनला आहे. शेजारी फॅरोची एक मुलगी राहते, तिच्याशी बोलून मत बदललं. खडकवाट, बोगदा दोन्ही दिशांना चालतो. पाव तासात तोर्सहावन गाठता आलं की गावातलं दुकान आधी बंद पडतं, मग शाळा. आणि मुली शिकायला इथे येतात त्यातल्या कितीतरी परत जात नाहीत. बेटांवर पुरुषांपेक्षा बायका सुमारे दोन हजारांनी कमी आहेत. थायलंड, फिलिपिन्सहून लग्न होऊन आलेल्या बायका तिथे स्थायिक झाल्यात त्या त्यामुळेच. बोट आणि ट्रॉलरवर पुरुषाला काम आहे, पण शिकलेल्या मुलीनं करायचं काय? हा प्रश्न सिमेंटनं सुटत नाही.

रानवारा

देवमासे मारतात त्याबद्दल कोणी बोलणार आहे का? 2021 च्या सप्टेंबरात एका दिवसात 1,428 डॉल्फिन मारले. अशा लोकांचं कौतुक मला तरी करवत नाही.

खडकवाट

रानवारा, त्या दिवसाचं समर्थन मी करणार नाही. फॅरोतही लोक चिडले होते. देवमाशाच्या मांसात पारा इतका असतो की ते खाऊ नका, असं त्यांच्याच डॉक्टरांनी 2008 मध्ये सांगितलं. पण धागा वस्तीचा आहे, तिथेच राहू.

ओरेसुंड, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला. तरी एक सांगतो. 1990 च्या दशकात माणसं गेली, त्यानंतर लोकसंख्या पुन्हा वाढत 50 हजारांच्या वर गेली. नुसत्या बोगद्यांनी हे झालं असं मी म्हणत नाही. पण तोर्सहावनच्या दवाखान्यात नोकरी करून रात्री आईच्या गावात झोपता येतं, ही सोय बाईसाठी लहान नाही. दुकान बंद पडतं हे मान्य, पण घर उघडं राहतं.

हिशेबनीस

मग हद्द सांगा. सांदोय बेटाला 2023 मध्ये बोगदा झाला, तिथे माणसं बाराशेच्या घरात. आता सुदुरोय बेटाची मागणी आहे. अंतर वीस किलोमीटरच्या वर, वस्ती पाच हजारांच्या आत. तिथेही "योग्यच केलं" म्हणाल?

खडकवाट

नाही, तिथे छातीठोक नाही म्हणवत, तुमचा हिशेब आधी बघावा लागेल. टोल एवढा लावावा लागेल की रोज जाणाऱ्याला झेपणार नाही, हे मलाही दिसतंय. पण सुदुरोयची माणसं आजही दोन तास बोटीनं राजधानीला येतात, आणि समुद्र खवळला की बोट सुटत नाही. त्या दिवशी एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या तर काय, हे त्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरायचं ते मात्र तुम्ही सांगा.