प्रोस्टेट कॅन्सरचे पेशंट: तपासणी, कॅथेटर (लघवीची नळी), लघवीची गळती. लाज राखून काम कसं करायचं?

युरो_वॉर्ड
नवीन स्टाफसाठी एका पानाच्या सूचना लिहायच्यात. ‘रुग्णाचा मान राखा’ एवढं लिहून काही होत नाही. नेमकं काय करायचं, काय टाळायचं ते हवंय. पेशंट बहुतेक साठीपुढचे. विचारलं तर ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात.

ओपीडी_सिस्टर
गुदद्वारातून बोटाने तपासणी: का, कशी, किती वेळ (मिनिटभरही नाही) आणि ‘थांबा म्हणालात की थांबू’, हे सगळं कपडे अंगावर असताना सांगायचं. विद्यार्थ्यांसाठी परवानगीही तेव्हाच. कुशीवर निजल्यावर कोण नाही म्हणणार? डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, वर चादर. जेली भरपूर. बोट आधी गुदद्वारावर नुसतं टेकवून ठेवा, स्नायू सैल पडला की आत. झाल्यावर टिश्यू पेशंटच्या हातात द्या आणि पडद्याबाहेर या. पुसत असताना निकाल सांगणं सर्रास चालतं, ते आधी बंद करा.

नळी_आणि_पिशवी
कॅथेटर घालताना दुखतं ते बहुतेक वेळा घाईमुळे. भुलीची जेली सोडून 3 ते 5 मिनिटं थांबायचं असतं, आणि तेच कुणी थांबत नाही. पुढची कातडी मागे घेतली असेल तर शेवटी पुढे आणाच, नाहीतर सूज येऊन ती मागेच अडकते. मध्येच ताठरता आली तर हसू नका, शेरा मारू नका. झाकायचं, जरा थांबायचं, मग पुढे.

प्रोस्टेट काढल्यानंतरची नळी चुकून निघाली तर वॉर्डात परत घालायची नाही, सर्जनला बोलवायचं. मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांचा आतला जोड ताजा असतो.

दिवसा मांडीला बांधायची 500 मिलीची पिशवी पँटखाली दिसत नाही; दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. रात्री 2 लिटरची, मूत्राशयाच्या पातळीखाली.

आणि नळी काढायच्या दिवशी पॅड नि जास्तीची पँट आणायला डिस्चार्जलाच सांगा. हे राहतं, म्हणून माणूस ओल्या कपड्यांत घरी जातो. पुरुषांच्या संडासात झाकणाचा डबा आहे का, तेही बघा. बहुतेक ठिकाणी नसतोच, मग वापरलेलं पॅड खिशात. चारचौघांत ‘डायपर’ म्हणू नका.

फिजिओ_ओटीपोट
गळती आवरायचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकवा. लघवी मध्येच तोडताना जे आवळतं तोच स्नायू. हे फक्त ओळखण्यापुरतं, रोज लघवी तोडत बसायचं नाही. पोट, मांड्या, ढुंगण सैल, श्वास चालू. 10 सेकंद आवळा, 10 सेकंद सोडा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. नळी असेपर्यंत बंद. संध्याकाळी गळती वाढते कारण स्नायू थकतो, हे आधी सांगितलं नाही तर माणूस आपलंच काही बिघडलं समजतो. बहुतेकांची गळती 3 ते 12 महिन्यांत बरीच कमी होते.

युरो_वॉर्ड
लैंगिक प्रश्न कसे काढायचे? मुलगा, सून शेजारीच उभे असतात.

समुपदेशन_कक्ष
‘आता आम्हाला एकट्याशी बोलायचंय, हा नेहमीचा भाग आहे’ म्हणून नातेवाइकांना बाहेर बसवा. मग, ‘या उपचारानंतर बऱ्याच जणांना ताठरतेचा त्रास होतो. तुमचं कसं आहे?’ जोडीदाराला बोलवायचं का, हे पेशंट ठरवेल. ऑपरेशनआधी सांगायच्या गोष्टी: वीर्य बाहेर येणार नाही, त्या क्षणी थोडी लघवी निसटू शकते, ऑपरेशनमध्ये ताठरतेच्या नसा राखल्या तरी ती परतायला दोन वर्षंही लागू शकतात. हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी इच्छा कमी होते, अंगातून वाफा येतात, छाती वाढू शकते, वृषणं लहान होतात. ‘या वयात काय करायचंय’ हे वाक्य मात्र स्टाफच्या तोंडून पुन्हा निघता कामा नये.

रेडिएशन_टेक
आमच्याकडचं एकच: मूत्राशय भरून यायला सांगतो आणि मशीन अडकलं की माणूस टेबलावरच भिजतो. उशीर होणार असेल तर पाणी प्यायच्या आधी कळवा.