टीव्ही आपोआप मंद होतोय म्हणून सर्व्हिस मेनूत हात घालू नका

राजारामपुरीकर
काल एका भावानं इथं लिहिलंय, "टीव्ही मॅचमध्ये आपोआप अंधारतो. सगळ्या कंपन्यांची लबाडी. सर्व्हिस मेनूत जाऊन सगळं बंद करा आणि व्हिव्हिड या भडक रंगांच्या मोडवर ठेवा." वाचून डोकं उठलं. सर्व्हिस मेनू म्हणजे दुरुस्तीवाल्यांसाठी लपवलेला मेनू. सकाळपासून दोघांनी मला 'त्यात शिरायचा कोड काय' म्हणून विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मंद होण्याची कारणं वेगवेगळी असतात. खोलीतला उजेड कमी झाला की तो मोजणारा टीव्हीतला सेन्सर पडदा मंद करतो. सॅमसंगमध्ये 'ब्राइटनेस ऑप्टिमायझेशन', एलजीत 'एनर्जी सेव्हिंग', सोनीत 'लाईट सेन्सर' असं नाव सापडेल. ते साध्या सेटिंगमधूनच बंद होतं. ओएलईडीवर, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या पडद्यावर, मात्र वेगळी गोष्ट आहे. बराच वेळ चित्र हललं नाही तर त्याचा डाग पॅनेलवर कायमचा बसू नये म्हणून पडदा हळूहळू मंद होतो. रिमोटवर मेनू उघडला की परत उजळतो, हीच त्याची खूण. ते पॅनेलचं संरक्षण आहे, त्याला हात लावू नका. माझ्या पाहुण्यांनी लावला. आज त्यांच्या पडद्यावर बातम्यांच्या चॅनेलचा लोगो कायमचा बसलाय, सिनेमा लावला तरी कोपऱ्यात दिसतो.

मंगळवारपेठेचा
तो भाऊ मीच. 18 डिसेंबर 2022, अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. आमच्यात पंचवीस माणसं, निम्मी जिन्यात. एम्बापेनं 80 आणि 81व्या मिनिटाला दोन गोल मारले आणि आम्हाला बॉल दिसंना! ब्राझीलचे फॅन हसायला लागले. लाख रुपये मोजलेत, माझ्या टीव्हीत मी काय बी करीन. वॉरंटी कधीच संपली.

राजारामपुरीकर
मॅचच्या वेळी ट्यूबलाईट बंद केली होती का?

मंगळवारपेठेचा
केली होती. थेटरसारखं वाटावं म्हणून.

राजारामपुरीकर
मग सेन्सरनं त्याचं काम केलं. मॅचमध्ये चित्र सारखं हलतंय, तिथं पॅनेलचं संरक्षण कशाला मधे येईल? सर्व्हिस मेनूचा इथं संबंधच नाही.

शाहूपुरी_गल्ली
दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. सेन्सर बंद केला तरी हल्लीच्या वेबसिरीज दिसतच नाहीत. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्याचं अजून राहिलंय. ते अर्धा भाग कानानंच ऐकतात. मी सरळ व्हिव्हिड लावून देते, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

रंकाळा_संध्याकाळ
चूक आहे. व्हिव्हिडवर माणसांची तोंडं निळसर पडतात, सावल्या पांढऱ्या होतात. छायाचित्रकारानं अंधार विचार करून ठेवलेला असतो. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला ते हे कोल्हापूर. 1929 ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. त्या गावात आपण फ्रेमची अशी वाट लावायची?

शाहूपुरी_गल्ली
वाट? सत्तरीच्या माणसाला नायिकेचं तोंड दिसावं एवढीच अपेक्षा आहे. थेटरात पूर्ण अंधार असतो. आमच्या घरी खिडकीतून दुपारचं ऊन येतं, शेजारी कुकर शिट्ट्या मारतोय. बाबूराव पेंटर आज असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, प्रेक्षकाला दिसतंय का?

रंकाळा_संध्याकाळ
खिडकीचे पडदे लावा. अंधार करून बघा. इतिहास माहीत नसताना पेंटरांच्या तोंडी वाक्यं घालू नका.

शाहूपुरी_गल्ली
पडदे लावायला सांगणारा माणूस उन्हाळ्यात दुपारी आमच्या माडीवर एकदा बसून बघावा! आणि इतिहास तुम्ही काढला, मी नाही.

मंगळवारपेठेचा
ताईंचं बरोबर. आमच्या आजीला पण मालिकेत कोण कोणाशी बोलतंय कळत नाही.

राजारामपुरीकर
ताई, व्हिव्हिडपेक्षा सिनेमा मोड ठेवा आणि बॅकलाईट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, पूर्ण वर न्या, रंग जाग्यावर राहतील. एलजीचा नवा ओएलईडी असेल तर तिथं 'पिक्सेल ब्राइटनेस' लिहिलेलं असतं. आणि एक ध्यानात ठेवा, डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र, यांची सेटिंग वेगळी असते. साध्या चॅनेलवर बदललेलं तिकडं लागू होईलच असं नाही. सिरीज चालू असतानाच मेनू उघडायचा.

रंकाळा_संध्याकाळ
सिनेमा मोड आणि बॅकलाईट वर, हे मला चालेल. दुपारपुरतं. रात्री परत खाली.

शाहूपुरी_गल्ली
तुम्हाला चालायचा प्रश्न नव्हता. बाबांना दाखवलं. म्हणाले, "आता डोळे दिसायलेत तिचे." व्हिव्हिड काढलं.

मंगळवारपेठेचा
आता माझं ऐका. सेटिंग शोधायच्या आधी टीव्हीखाली वाकून बघितलं. सेन्सरच्या बरोबर समोर सेट-टॉप बॉक्स उभा, त्याच्यावर अगरबत्तीचं घर. म्हणजे ट्यूब चालू असली तरी टीव्हीला वाटतंय रात्र झाली. बॉक्स बाजूला सरकवला आणि बघता बघता पडदा उजळला. मग सेन्सर पण बंद करून टाकला. सर्व्हिस मेनूचं मी लिहिलेलं काढतोय. कंपन्यांनी हे सेटिंग पाच मेनू आत लपवून ठेवलंय, ते मात्र मागे घेणार नाही.

राजारामपुरीकर
ते घेऊ पण नका. एचडीआर लावून एकदा परत तपासा, तिथं अजून चालू असेल.

मंगळवारपेठेचा
चालू होतं. बंद केलं.