मदत हवी आहे: पुण्याच्या बी.कॉम.वर अमेरिकेत जेडी करायचंय, एलसॅट आणि अर्जाची तयारी

रानजाई
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहते, सध्या एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वर मिळालेला जोडीदाराचा व्हिसा). पुणे विद्यापीठाचं तीन वर्षांचं बी.कॉम., २०१३ साली, पहिला वर्ग. नंतर पुण्यातच अकाउंट्समध्ये नोकरी. पुढच्या वर्षी ऑगस्टला जेडीसाठी (इथली वकिलीची पदवी) लॉ स्कूलमध्ये प्रवेश घ्यायचा विचार आहे, जमल्यास संध्याकाळच्या वर्गांना. प्रश्न असे:
१. एलसॅटमधून (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) लॉजिक गेम्स, म्हणजे तर्काच्या कोड्यांचा भाग, गेले म्हणतात. मग उरलं काय? लायब्ररीतली जुनी पुस्तकं चालतील का?
२. तयारीला किती महिने धरावेत? क्लास लावावाच लागतो का?
३. आपल्या टक्क्यांचं जीपीए (इथली गुणांची सरासरी) कसं काढतात? कम्युनिटी कॉलेजात दोन-तीन विषय घेतले की जीपीए वर जातो असं एकीने सांगितलं.
४. एच-४ वर काही अडचण?
आधीचा धागा असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही.

कलमदान
आधीचे धागे गेम्स होते तेव्हाचे आहेत, ते वाचू नका. मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळं वेळापत्रक त्यावर बसवायचं आहे.

तुमच्या टक्क्यांचं जीपीए होत नाही. परीक्षा घेणारी संस्था एलसॅक. तिच्याकडे परदेशी पदवीची कागदपत्रं गेली की आकड्याऐवजी शेरा मिळतो: सुपीरियर, अबव्ह अ‍ॅव्हरेज, अ‍ॅव्हरेज वगैरे. आपल्याकडचे ६२ टक्के म्हणजे काय हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे पहिल्या वर्गाची लाज बाळगू नका. कम्युनिटी कॉलेजचा सल्ला मात्र सोडून द्या. एलसॅक जीपीए धरतं ते पहिली पदवी मिळेपर्यंतच्या अभ्यासाचं. पदवीनंतर घेतलेले विषय त्यात येत नाहीत. वर त्या कॉलेजचंही ट्रान्स्क्रिप्ट मागवत बसावं लागतं, एकच विषय घेतला असला तरी.

याचा दुसरा अर्थ असा की शाळेला (म्हणजे लॉ स्कूलला) तुमच्याबद्दल मोजता येण्यासारखा आकडा एकच मिळतो, एलसॅटचा. इथल्या मुलांचा कमी स्कोअर चांगल्या जीपीएने थोडाफार सावरला जातो. तुम्हाला ती सोय नाही.

आता कागदपत्रं. पुस्तक उघडायच्या आधी हे सुरू करा:

एलसॅकवर खातं उघडून क्रेडेन्शियल असेंब्ली सर्व्हिस घ्या, तिला सगळे कॅस म्हणतात. त्यात पुणे विद्यापीठ घातलं की ट्रान्स्क्रिप्ट रिक्वेस्ट फॉर्म तयार होतो, त्यावर तुमचा खाते क्रमांक असतो. तो फॉर्म ट्रान्स्क्रिप्टसोबत गेलाच पाहिजे, नाहीतर आलेलं पाकीट कुणाचं हे तिथे कळत नाही आणि ते पडून राहतं. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जायला हवं, कागदावर जात असेल तर सीलबंद. तुम्ही घरी स्कॅन करून पाठवलेल्या मार्कशीटचा उपयोग नाही. तिन्ही वर्षांचे गुण आणि पदवी मिळाल्याचा पुरावा, दोन्ही लागतं. पदवी प्रमाणपत्र कधी काढलंच नसेल तर (बरेच जण काढत नाहीत) आजच अर्ज करा.

नावाचा घोळ हमखास होतो. मार्कशीटवर आधी माहेरचं आडनाव, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, आणि कुठेतरी आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं. एलसॅकच्या खात्यात मुख्य नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहा, कारण परीक्षेच्या दिवशी तेच ताडून बघतात. मार्कशीटवरचं नाव ‘पूर्वीचं नाव’ या रकान्यात घाला, आहे त्याच क्रमाने. शिवाय २०१४ मध्ये विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, म्हणजे जुनी मार्कशीट एका नावाची आणि आताचं ट्रान्स्क्रिप्ट दुसऱ्या. सोबत एक ओळीची टीप असली की पुढची पत्रापत्री वाचते.

आणखी दोन ई-मेल आत्ताच करून टाका, तुमच्या यादीतल्या प्रत्येक शाळेच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला: तीन वर्षांची भारतीय पदवी चालते का, आणि टोफेल (इंग्रजीची परीक्षा) लागेल का. दोन्हींची उत्तरं शाळेगणिक वेगळी येतात. टोफेल टळायला पदवीचं माध्यम इंग्रजी होतं असं कॉलेजचं पत्र बऱ्याचदा पुरतं. बी.कॉम.चे पेपर मराठीतून लिहिले असतील तर ते पत्र मिळणार नाही, मग टोफेल धरूनच चाला.

तर्कट
परीक्षेचं मी सांगतो.

ऑगस्ट २०२४ पासून गेम्स नाहीत. आता ३५ मिनिटांचे चार भाग. दोन लॉजिकल रीझनिंग (एलआर) आणि एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (आरसी) यांचे गुण धरतात. चौथा भाग प्रायोगिक, या दोन्हींपैकी कुठल्याही प्रकारचा. तो कोणता हे कळत नाही आणि ओळखायच्या नादी लागू नका. दुसऱ्या भागानंतर दहा मिनिटं सुट्टी. स्कोअर १२० ते १८०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

जुनी पुस्तकं: एलआर आणि आरसीचे भाग आजही उत्तम, गेम्सचं प्रकरण सोडून द्या. बरोबर उत्तरांवरून स्कोअर काढायचा तक्ता मात्र जुना वापरू नका. एलसॅकच्या लॉहबवर (सरावाची साइट) फुकट खात्यात काही पूर्ण परीक्षा आहेत, वर्षाचे १२० डॉलर भरले की बाकीच्या सगळ्या, नव्या साच्यात मांडलेल्या. सराव स्क्रीनवरच करा.

एलआरमध्ये साधारण २५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सव्वा ते दीड मिनिट. पहिले दहा-बारा सोपे असतात, तिथे वेळ वाचवायचा. लोक अडखळतात ते गृहीतकाच्या प्रश्नांवर. एक उदाहरण घेऊ:

‘पुलावर टोल बसवल्यावर पुलावरून जाणाऱ्या गाड्या घटल्या. म्हणजे शहरातलं गाड्यांचं प्रदूषण कमी झालं असणार.’ या युक्तिवादाला आवश्यक गृहीतक कोणतं?

अ) पुलावरून घटलेल्या सगळ्या गाड्या रस्त्यावरून कायमच्या हटल्या.
ब) पूल टाळणाऱ्या गाड्यांनी लांबच्या वाटेने जाऊन तेवढंच किंवा जास्त प्रदूषण केलेलं नाही.

घाईत ‘अ’ बरोबर वाटतो, कारण तो निष्कर्षाला जोरदार आधार देतो. पण तो आवश्यक नाही: निम्म्याच गाड्या हटल्या तरी निष्कर्ष टिकू शकतो. आता ‘ब’ उलटा करून बघा. गाड्या लांबून गेल्या आणि तेवढाच धूर सोडला, तर निष्कर्ष कोसळतो. म्हणून उत्तर ‘ब’. ‘आवश्यक’ विचारलं की पर्याय उलटा करा, युक्तिवाद पडला तर तेच उत्तर. ‘पुरेसं’ विचारलं तर हीच युक्ती फसवते, तिथे जोरदार पर्यायच हवा असतो. म्हणून आधी प्रश्नाची ओळ वाचा, मग परिच्छेद.

तयारीचा क्रम: पहिल्या दिवशी घड्याळ लावून एक पूर्ण परीक्षा, काहीही न वाचता. पहिले दीड-दोन महिने घड्याळाशिवाय, एकेक प्रकार घेऊन. मग ३५ मिनिटांचे सुटे भाग. पूर्ण परीक्षा शेवटच्या दोन महिन्यांत, आठवड्याला एक, फार तर दोन. रोज एक परीक्षा ठोकणाऱ्यांचा स्कोअर एका जागी गोठतो, कारण चुका तपासायला वेळच उरत नाही. तपासणी अशी: ज्या प्रश्नाबद्दल शंका होती त्याला खूण करा, उत्तरं बघायच्या आधी तो वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवा, मग ताडा. दुसऱ्यांदा बरोबर आला तर वेगाचा प्रश्न आहे, दोन्हीदा चुकला तर समजुतीचा. दोन्हींचे इलाज वेगळे.

नोकरी-घर सांभाळून पाच-सहा महिने धरा.

आरसीत चार संच, त्यातला एक दोन छोट्या उताऱ्यांच्या तुलनेचा. इथे युक्त्या कमी चालतात. लेखकाचं मत कुठे डोकावतं त्या ओळीवर लक्ष ठेवा, बरेच प्रश्न तिच्याभोवतीच फिरतात. विज्ञानाच्या उताऱ्याला घाबरू नका, खरा त्रास कलासमीक्षेचा उतारा देतो.

लेखी भाग वेगळा: १५ मिनिटं विचार, ३५ मिनिटं लेखन. गुण नाहीत, पण तो मंजूर झाल्याशिवाय पहिला स्कोअर दाखवत नाहीत. परीक्षेच्या आठ दिवस आधी तो खुला होतो, तेव्हाच उरकून टाका. आणि ऑगस्ट २०२६ पासून मुख्य परीक्षा बहुतेकांना केंद्रावर जाऊनच द्यायची आहे, तेव्हा जवळचं केंद्र हवं असेल तर नोंदणी उघडल्या उघडल्या करा.

खडीसाखर
क्लासच्या बाबतीत माझं मत: नको. हजार-दीड हजार डॉलर घालून तेच प्रकार, तेच प्रश्न. घरच्या अभ्यासाने तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर मग काही तासांपुरता ट्यूटर घ्या, तोही तुमच्या चुकांची वही बघून शिकवणारा.

तर्कट
@खडीसाखर, शिस्त नसणाऱ्याला क्लासचा उपयोग होतो हो. पण पहिल्या दिवशी पैसे भरू नयेत, इतकं मान्य.

सातारी_पेढा
धाग्यात घुसतोय. माझं एलएलबी पुण्यातूनच झालंय, तीन वर्षांचं. एलएलएमलाही (कायद्याची मास्टर्स) एलसॅट लागते का?

कलमदान
@सातारी_पेढा, नाही. एलएलएमला एलसॅट लागत नाही, टोफेल-आयईएलटीएस, ट्रान्स्क्रिप्ट आणि शिफारसपत्रं पुरतात. पण न्यूयॉर्कची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची) हाच हेतू असेल तर एलएलएमचे पैसे भरायच्या आधी न्यूयॉर्कच्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडून तुमच्या पदवीचं मूल्यमापन करून घ्या. कॉमन लॉ (भारतासारखी ब्रिटिश वळणाची कायद्याची पद्धत) असलेल्या देशातलं पूर्ण वेळ तीन वर्षांचं कायद्याचं शिक्षण तिथे थेट ग्राह्य धरलं जाऊ शकतं. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा.

खडीसाखर
@रानजाई, चौथा प्रश्न. एच-४ वर शिकायला आडकाठी नाही, पूर्ण वेळ किंवा अर्धवेळ. अडतं ते उन्हाळ्यात. लॉ स्कूलमध्ये नोकऱ्या मिळतात त्या उन्हाळी कामातून, आणि ईएडी (काम करायचा परवाना) नसेल तर तुम्हाला पगारी काम करता येत नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतला तर पहिलं शैक्षणिक वर्ष संपल्यावर सीपीटी (अभ्यासाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) मिळू शकतो, पण एफ-१ वर अर्धवेळ संध्याकाळचे वर्ग साधारणपणे चालत नाहीत. तुमच्या बेतात हीच खरी गाठ आहे. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीनकार्डासाठीचा अर्ज) मंजूर असेल तर एच-४ ईएडी बघा आणि व्हिसा बदलायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. फोरमवर विचारून हे ठरवू नका, माझ्या उत्तरावरूनही नाही.

वकिलीच्या परवान्याला नागरिकत्व लागत नाही. १९७३ च्या ग्रिफिथ्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती अट घटनाबाह्य ठरवली.

पैसे: सरकारी कर्ज एच-४ ला नाही. खाजगी कर्जाला बहुधा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला जामीनदार लागतो. त्यामुळे शिष्यवृत्तीवर डोळा ठेवून शाळा निवडा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेच्या साइटवर ‘५०९’ नावाचा अहवाल असतो, दर डिसेंबरात नवा येतो. त्यात एलसॅटचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे आकडे आणि किती जणांना किती शिष्यवृत्ती मिळाली ते दिलेलं असतं. अटी घातलेली शिष्यवृत्ती पहिल्या वर्षानंतर किती जणांची गेली हेही तिथेच. तुमचा स्कोअर जिथे ७५ पर्सेंटाइलच्या आकड्याच्या वर जातो तिथे मोठी सवलत मागता येते. ‘अर्ली डिसिजन’च्या (प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं आधीच कबूल करायचं) वाटेला जाऊ नका, बांधील झाल्यावर घासाघीस कसली?

खर्चाचा अंदाज: परीक्षा अडीचशे डॉलरच्या आसपास, कॅस दोनशेच्या थोडं वर, शिवाय प्रत्येक शाळेला अहवाल पाठवायचे ४५. शाळांची अर्ज फी मात्र ई-मेल करून विचारलं की बऱ्याचदा माफ होते. विचारायला संकोच करू नका.

रानजाई
खूप आभार सगळ्यांचे! ट्रान्स्क्रिप्टसाठी भावाला सोमवारी विद्यापीठात पाठवते. आता दोन शंका. स्कोअर कमी आला तर रद्द करावा का? आणि शिफारसपत्रं: कॉलेजातल्या सरांना मी आठवतही नसेन.

तर्कट
रद्द करू नका. शाळा सर्वांत वरचा स्कोअर धरतात, कारण ५०९ अहवालात तोच जातो. रद्द केलेली परीक्षाही मर्यादेत मोजली जाते: ज्या चालू कालखंडातले स्कोअर शाळांना कळवतात त्यात पाच, आयुष्यात सात. ऑगस्ट किंवा सप्टेंबरला पहिली द्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर हाताशी राहतात. अर्ज सप्टेंबरात उघडतात आणि जसे येतात तसे निकाली काढतात, फेब्रुवारीपर्यंत जागा आणि पैसे दोन्ही आटलेले असतात.

कलमदान
पत्रं दोन, दोन्ही कामावरच्या वरिष्ठांची घ्या. पदवीला इतकी वर्षं झाली की शाळा त्यावर अडून बसत नाहीत, तरी ई-मेल करताय त्यात हेही विचारा. ते पुण्यात बसून एलसॅकच्या लिंकवरून पत्र चढवू शकतात. मात्र आपल्याकडच्या ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग, आय विश हर ऑल सक्सेस’ छापाच्या पत्राचा काडीचा उपयोग नाही. त्यांना तुमचा रेझ्युमे आणि तुम्ही केलेल्या दोन-तीन कामांची टिपणं पाठवा: कुठल्या ऑडिटमध्ये काय सापडलं, कुठला करार वाचून तुम्ही कुठलं कलम दाखवून दिलंत. त्यातलं एक त्यांनी आपल्या शब्दांत लिहिलं तरी पत्र उभं राहतं. तारीख सांगताना महिनाभर आधीची सांगा, आणि दिवाळीच्या आठवड्यात पत्र येईल अशी आशा ठेवू नका.